घाई कुणाला आहे?

लग्नाच्या हॉलमध्ये नवरा-नवरी सोडून फरशीकडे टक लावून बघणारा माणूस प्रत्येकाच्या नात्यात असतो की नाही, ठाऊक नाही. आमच्या सोसायटीत आहे. बी विंग, पहिला मजला. दारावर नावाची पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही, कारण दारासमोर मांडून ठेवलेले दगड ओलांडताना सगळं लक्ष पायाकडे द्यावं लागतं. कुरिअरवाल्यापासून चेअरमनपर्यंत सगळे त्यांना 'सर' म्हणतात. कॉलेजात भूशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कॉलेजातून निवृत्त झालं की भूशास्त्रातूनही व्हायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

मास्तर कुठलाही असो, त्याचा एक लाडका धडा असतो. कुणी पानिपतावर रेंगाळतो, कुणाचा शाकुंतलाचा चौथा अंक वर्ष संपलं तरी संपत नाही. सरांचा धडा म्हणजे दाबाखाली खनिजांचे कण कसे विरघळतात, आणि तेही कमी तापमानाला. हा विषय कुठूनही निघू शकतो. तुम्ही लिफ्ट बंद असल्याची तक्रार करा, पाण्याच्या टँकरबद्दल बोला, गुडघेदुखीबद्दल बोला. तिसऱ्या वाक्याला सर चुनखडीवर आलेले असतात. गुडघेदुखीवरून तर फारच लवकर येतात. "दाब कुठे पडतो ते बघा. जिथे टेकलंय तिथेच ना?" एवढं बोलून ते कोपऱ्यातली खुर्ची पुढे ओढतात, आणि खुर्ची ओढली की समोरच्याने घड्याळ बघणं सोडून द्यावं.

त्यांच्या बोलण्यातल्या काही गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे 'कमी तापमान'. जानेवारीतली सकाळ, सरांच्या डोक्यावर माकडटोपी, गळ्यात मफलर, पायांत दोन-दोन मोजे, हातात चहाचा कप, आणि तोंडात वाक्य, "शंभर-सव्वाशे अंश म्हणजे काय रे, गारच की!" हाच माणूस आंघोळीचं पाणी नीट कढल्याशिवाय बादलीत तांब्या घालत नाही. पण त्यांच्या हिशेबाने ते बरोबर असतं. लाव्हा अकराशे-बाराशे अंशाला वाहतो, त्याच्याशी तुलना केली तर दीडदोनशे अंशांना थंडच म्हणायचं. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढतं. चुनखडीचे कण काही शे मीटरवरच विरघळायला लागतात, म्हणजे तिथे पाणी जेमतेम कोमट. वाळूचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे कण जास्त हट्टी. त्यांना दीडदोन किलोमीटर खाली न्यावं लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे, "दगड वितळला" असं त्यांच्यासमोर कधी म्हणू नये. पेपरात कुणी तसं लिहिलं तरी सर लाल पेन काढतात. "वितळत नाही, विरघळतो! वितळायला उष्णता लागते. विरघळायला पाणी लागतं. पाणी कुठंय ते बघा." हे 'पाणी कुठंय ते बघा' ते इतक्या वेळा म्हणतात, की सोसायटीचा प्लंबर त्यांना आपल्याच धंद्यातला समजतो.

हा सगळा प्रकार नेमका काय, ते मला एका दिवाळीत फराळाच्या ताटावर कळलं. काकूंनी रव्याचे लाडू पुढे केले. मी हात घातला, तोच सरांनी दोन लाडू उचलले. "हा एक कण. हा दुसरा कण." लाडू एकमेकांना टेकवले. "किती टेकलेत? एवढेसेच. बाकी सगळीकडे पोकळी, आणि पोकळीत पाणी. आता वरून किलोमीटरभर गाळाचं ओझं टाक. ते सगळं कुठे येणार? या एवढ्याशा टेकलेल्या जागेवर." दाब वाढला की तिथलं खनिज बाजूच्या मोकळ्या पृष्ठभागापेक्षा जास्त विद्राव्य होतं. दोन कणांच्या मध्ये पाण्याचा एक पापुद्रा अडकलेला असतो, काही नॅनोमीटर जाडीचा. माणसाचा केस त्याच्यापेक्षा दहा हजार पटींहून जाड. टेकलेल्या जागचं खनिज त्या पापुद्र्यात उतरतं, त्यातूनच सरकत सरकत बाहेरच्या पोकळीत येतं, आणि तिथे दाब कमी असल्यामुळे पुन्हा स्फटिक होऊन कणाच्या मोकळ्या अंगावर बसतं. टेकलेली जागा झिजते, पोकळी भरत जाते, दोन्ही कण एकमेकांत शिरतात आणि भुसभुशीत वाळूचा खणखणीत दगड होतो. इथे सरांनी लाडू जरा जास्तच दाबले आणि दोन्ही कणांचा रवा झाला. तो त्यांनी स्वतःच खाल्ला. मला चकली मिळाली.

"आणि हे व्हायला किती दिवस लागतात?" मी विचारलं.

"दिवस?" सर हसले. "लाखो वर्षं लागतात. कधी कोटी. घाई कुणाला आहे?"

आतून काकूंचा आवाज आला, "मग तेवढ्यात कोथिंबीर घेऊन या."

काकूंबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण अशा माणसाचं घर कुणीतरी दुसरं चालवत असतं. काकू बँकेत होत्या. सरांच्या प्रत्येक सहलीचा हिशेब, प्रत्येक दगडाची जागा आणि प्रत्येक पाहुण्याची सहनशक्ती त्यांना पाठ आहे. पाहुणा जांभई दाबायला लागला की त्या बरोबर त्या क्षणी पोहे आणतात. "अहो, त्यांना खाऊ द्या," एवढं म्हटलं की सर पंधरा मिनिटं गप्प बसतात. हा माणूस दाबाखाली येतो, पण फक्त काकूंच्या.

सरांच्या दिवाणखान्यात देवाच्या तसबिरीशेजारी एका दाढीवाल्या साहेबाचा फोटो आहे. नवे लोक त्याला आजोबा समजून नमस्कार करतात. हा हेन्री क्लिफ्टन सॉर्बी, शेफिल्डचा. जन्म 1826. घरचं बरं होतं, त्यामुळे नोकरी केली नाही. हौसेने विज्ञान केलं. दगडाचा तुकडा प्रकाश आरपार जाईल इतका पातळ घासून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, हे त्याने मनावर घेतलं तेव्हा लोक हसले. डोंगर बघायला सूक्ष्मदर्शक कशाला लागतो? पुढे सगळं जग तसंच करायला लागलं. त्याने चुनखडीच्या गोट्यांवर दुसऱ्या गोट्यांनी पाडलेले खळगे पाहिले. गोटा फुटलेला नाही, चेपलेला नाही, नुसता जिथे टेकला तिथे खोलगट झालाय. त्याने अनुमान काढलं की तिथला दगड विरघळून गेलाय. मिठावर प्रयोग केले आणि 1863 साली रॉयल सोसायटीपुढे व्याख्यान दिलं. त्याचा मुद्दा असा, की यांत्रिक बल आणि रासायनिक क्रिया या वेगवेगळ्या गोष्टी नाहीत. नुसत्या दाबाने विद्राव्यता बदलते.

सर हे सगळं असं सांगतात, की जणू सॉर्बी सदाशिव पेठेत राहायचा. "आमचा सॉर्बी लग्नाच्या भानगडीत पडला नाही. आईबरोबर राहिला. आई गेल्यावर एक बोट घेतली आणि उन्हाळे बोटीवर काढले. काम काय, तर निरीक्षण!"

"म्हणून जमलं त्याला," काकू म्हणतात. हा संवाद मी इतक्यांदा ऐकलाय, की आता सरांनी 'बोट' म्हटलं की मीच काकूंकडे बघतो.

आता फरशी. कणाकणाने चाललेला हा उद्योग डोळ्यांना दिसत नाही, पण चुनखडीत कधी कधी तो एका पातळीवर एकवटतो आणि मग दगडाच्या छेदात एक दातेरी, तपकिरी-काळपट रेघ उमटते. तिला स्टायलोलाइट म्हणतात. रेघेच्या दोन्ही बाजूंचा दगड एकमेकांत दात रोवून बसलेला असतो. मधला जो दगड होता तो विरघळून निघून गेला. त्यातली जी माती, लोहाची ऑक्साइडं आणि सेंद्रिय द्रव्यं विरघळू शकली नाहीत, ती तेवढी मागे राहिली. तीच ही रेघ. दात जितका लांब, कमीत कमी तितक्या जाडीचा दगड तिथून गेला असं धरतात. दात उभे असतील तर दाब वरून आला. आडवे असतील तर डोंगर उचलणाऱ्या बलांनी बाजूने रेटलंय. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका जर्मन अभ्यासकाने या रेघा जीवाश्म समजून त्यांना प्राण्यासारखं नावसुद्धा दिलं होतं. हा भाग सर मान खाली घालून, दूरच्या नातेवाइकाने केलेला गुन्हा सांगावा तसा सांगतात.

आमच्या चौथ्या मजल्यावरच्यांच्या मुलीचं लग्न होतं. हॉल नवा, फरशी गुळगुळीत, मोतिया रंगाची. मंगलाष्टकं चालू. सगळे माना उंचावून अंतरपाटाकडे बघतायत, आणि सर पहिल्या रांगेत बुटाच्या टोकाने पडलेल्या अक्षता हळूच बाजूला सारतायत. शेवटी राहवलं नाही. "शुभ मंगल" झालं, टाळ्या वाजल्या आणि सर गुडघ्यांवर बसले. खिशातलं भिंग डोळ्याला लावलं, नाक फरशीपासून चार बोटांवर. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय पडलं?" सरांनी वर न बघता हात केला, म्हणजे 'थांबा'. बाईंना ते 'शोधा' असं वाटलं. पाच मिनिटांत दहाबारा माणसं खाली वाकलेली, दोन मुलं खुर्च्यांखाली शिरलेली, आणि मागे बातमी पोहोचलेली की काकांची हिऱ्याची अंगठी हरवली. व्हिडिओवाल्याने कॅमेरा तिकडे वळवला. या धांदलीत नवरीच्या मावशीचं जोडवं सापडलं, जे हरवल्याचं मावशीलाच ठाऊक नव्हतं. सरांचा मान एकदम वाढला. ते मात्र फरशीवर रुपयाचं नाणं ठेवून रेघेचा फोटो काढत होते. फोटोत नाणं ठेवतात ते मोजमापाला. पण आहेरवाल्या बाईंनी ते देवाला वाहिलेलं समजून शेजारी अकरा रुपये ठेवले.

घरी गेल्यावर तो फोटो मोठा करून त्यांनी मला दाखवला, आणि खरं सांगायचं तर मी गप्प झालो. रेघेच्या खालच्या बाजूला एक शिंपला होता, नखाएवढा. त्याची अर्धीच कड दिसत होती, वळण घेत रेघेपर्यंत आलेली. रेघेच्या वर मात्र काहीच नाही, कोरा दगड. शिंपला तुटला नव्हता, सरकलाही नव्हता. त्याचा वरचा अर्धा भाग विरघळून पाण्याबरोबर गेला होता आणि बहुधा त्याच दगडाच्या दुसऱ्या कुठल्या पोकळीत कॅल्साइट होऊन बसला होता. रेघेच्या दातांमध्ये तपकिरी मातीचा धागा, कुठे केसाएवढा, कुठे काडीएवढा. सर एवढंच म्हणाले, "पाणी कुठंय ते बघ. गेलं. पण कुठून गेलं ते सांगून गेलं."

सरांचं खरं दुःख वेगळं आहे. जन्म पुण्यात, नोकरी पुण्यात, आणि पायाखाली काय, तर बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर येऊन गोठले आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा झाला. गड-किल्ले झाले, लेणी झाली, सगळं झालं. पण बेसॉल्टमध्ये सरांची रेघ काही सापडत नाही. "शिवनेरी चांगलाच आहे," ते मोठ्या मनाने म्हणतात, "पण विरघळत नाही." त्यामुळे सुट्टी लागली की विद्यार्थ्यांना घेऊन वणीकडच्या चुनखडीला, नाहीतर सोलापूरच्या पुढे वाडीजवळ शहाबादला. आपल्या वाड्यांमधल्या अंगणांत आणि स्वयंपाकघरांत जी शहाबादी फरशी असायची, ती तिकडची चुनखडी. सरांच्या जुन्या घरातही तीच होती. आई सारवायला मिळत नाही म्हणून कुरकुरायची आणि हे चौथीतले चिरंजीव पालथे पडून फरशीवरच्या रेघा बोटाने गिरवायचे. वाडा पाडला तेव्हा वाटणीत भावाने पितळेचा बंब मागितला, सरांनी तीन फरशा.

दगडाला घाई नसते, पण माणसाला आयुष्यात एकदा तरी हे घडताना बघावंसं वाटतं. यावर उपाय मीठ. क्वार्ट्‌झला जे करायला लाखो वर्षं लागतात ते मीठ काही दिवसांत करून दाखवतं. नेदरलँड्समधल्या युट्रेक्ट विद्यापीठात मिठावर या विषयाचं बरंच काम झालंय. सरांनी ते वाचलं आणि एका पावसाळ्यात काकूंच्या ओट्यावर प्रयोगशाळा उभी राहिली.

दोन उभे काचेचे पेले. मिक्सरमधून पिठासारखं दळलेलं मीठ दोन्हींत सारखं. बारीकच हवं, कारण कण निम्म्या आकाराचा झाला तर ही क्रिया आठपट वेगाने होऊ शकते. एका पेल्यात मीठ कोरडं. दुसऱ्यात मिठाचं पाणी, पण साधं नव्हे; आणखी चिमूटभरही मीठ विरघळणार नाही इतकं तृप्त झालेलं. ते उडून जाऊ नये म्हणून वर गोडेतेलाचा पातळ थर. दोन्हींवर लाकडी बूच आणि बुचावर वजन. एकावर काकूंचा वरवंटा. दुसऱ्यावर खलबत्त्यातला बत्ता, पण तो थोडा हलका भरला म्हणून त्याला सुतळीने बांधलेला एक बटाटा. बटाटा सुकून हलका होतो, तेव्हा दर आठवड्याला तो वजन करून बदलायचा. पेल्यावर कागदी पट्टी चिकटवलेली, सकाळ-संध्याकाळ वाचन, वहीत नोंद.

कोरडं मीठ पहिल्या दिवशी दबलं आणि तिथेच बसून राहिलं. ओलं मीठ मात्र रोज किंचित खाली जात होतं. आज अर्धा मिलीमीटर, उद्या त्याहून कमी, परवा आणखी कमी. पण जात होतं. सर मला फोन करून बोलवायचे. "पाणी आधीच तृप्त आहे. त्याला आणखी मीठ नकोय. मग हे खाली कसं बसतंय? टेकलेल्या जागी विरघळतंय आणि बाजूच्या पोकळीत बसतंय! बघ, डोळ्यांदेखत!" मी बघायचो. मला पेला, मीठ आणि बटाटा दिसायचा. पण सरांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा होता. पहिला नातू झाला तेव्हाही त्यांनी एवढे फोन केले नव्हते.

त्या पावसाळ्यात वरवंटा अडकल्यामुळे काकूंच्या सगळ्या चटण्या मिक्सरमधून झाल्या, आणि मिक्सरच्या भांड्यात आधी काय दळलं होतं ते आम्हाला प्रत्येक चटणीत कळत राहिलं. मग एके दिवशी कामाच्या मावशींनी ओटा आवरताना दोन्ही पेले स्वच्छ घासून पालथे घातले. मिठाचा तो थर चमच्याने निघेना म्हणून त्यांना गरम पाणी ओतावं लागलं, हेही त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं. काकू घाबरल्या. सर मात्र खुर्चीतून उठलेच. "निघेना? चमच्याने निघेना? म्हणजे कण जोडले गेले होते! आणि कोरडं?" कोरडं भुरभुर पडलं, मावशी म्हणाल्या. सरांनी वही उघडली आणि शेवटच्या नोंदीखाली मावशींचं निरीक्षण तारखेसह लिहून घेतलं. मावशींना त्या दिवशी चहाबरोबर खारी मिळाली.

तुम्ही म्हणाल, या सगळ्याचा उपयोग काय? सरांना हा प्रश्न चालत नाही, पण उत्तर त्यांच्याकडे तयार असतं. खोलवरच्या दगडात तेल राहतं ते पोकळ्यांमध्येच. 1974 साली मुंबईपासून दूर समुद्रात मुंबई हायला जे तेल लागलं, तेही मुख्यतः चुनखडीच्या पोकळ्यांतलं. जिथे कण विरघळून पोकळ्या भरून गेल्या, तिथे तेलाला जागा नाही. पोकळीत पाण्याऐवजी तेल आधी शिरलं, तर हे विरघळणंच मंदावतं आणि जागा शिल्लक राहते. सरांचे काही विद्यार्थी तेल कंपन्यांत लागले आणि त्यांना सरांच्या पेन्शनच्या कितीतरी पट पगार मिळतो. सर ते अभिमानाने सांगतात. काकूही सांगतात, पण सूर निराळा असतो.

गेल्या वर्षी त्यांच्या पुतण्याने बाणेरला फ्लॅट घेतला. दिवाणखान्याला इटालियन मार्बल घालायचं ठरलं आणि जाणकार म्हणून काकांना दुकानात नेलं. ही चूक प्रत्येक पुतण्या एकदाच करतो. दुकानदाराने बोत्तिचिनोची लादी दाखवली. हा दगड उत्तर इटलीत ब्रेशाजवळ निघतो, बाजारात मार्बल म्हणून विकतात, पण आहे ज्युरासिक काळातली चुनखडी, आणि अंगभर स्टायलोलाइट. पुतण्या म्हणाला, "काका, हे क्रॅक आहेत. रेट पाडून मागू." सरांनी अंगठ्याला जीभ लावली, ओला अंगठा लादीवरून फिरवला, भिंग लावलं आणि भर दुकानात म्हणाले, "अरे, क्रॅक कसले! हेच तर घ्यायचंय. याच्यासाठी चार पैसे जास्त दे!" दुकानदाराने सरांसाठी ताबडतोब ज्यूस मागवला.

पुतण्याने शेवटी मार्बलसारखी दिसणारी व्हिट्रिफाइड टाइल घातली. वास्तुशांतीला सर गेले, पेढा घेतला आणि सवयीने खाली बघितलं. टाइलवर स्टायलोलाइट छापलेला होता, दातांसकट. सर खूश होऊन रेघेमागे चालत गेले. बैठकीतून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून बेडरूममध्ये. दर चौथ्या टाइलवर तीच रेघ, तीच वळणं, आणि कोपऱ्यात तोच अर्धा शिंपला. परत येऊन काकूंच्या शेजारी बसले. काही बोलले नाहीत. काकूंनी त्यांच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.

तेव्हा नवीन घराला खरा दगड घालणाऱ्यांना एक विनंती. लादीवरची दातेरी तपकिरी रेघ दिसली की 'क्रॅक' म्हणून पुट्टी भरून पॉलिश मारू नका. ती रेघ कधी कधी कच्ची असते, हे सरही कबूल करतात. तिच्यात माती असते आणि लादी नेताना तिथूनच फुटू शकते. तेवढी ठोकून बघून घ्या. पण चांगली निघाली, तर सोफ्याखाली न लपवता दाराशी बसवा आणि आम्हाला कळवा. सरांना घेऊन येतो. चहा आणि पोहे एवढंच ठेवा, काकूही बरोबर असतील. आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.